अमेरिकेत पॅरोलवर प्रवेश आणि १,००० डॉलरची फी: कुणाला लागते, कुणाला नाही, कधी आणि कशी भरायची

जानेवारीतल्या एका रात्री साडेअकराला आमच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. आवाज रडवेला. नाशिकला त्यांच्या आईला आयसीयूत हलवलं होतं. नवरा-बायको तिकिटं काढायला बसले होते आणि मध्येच थांबले होते. "परत येताना माणशी हजार डॉलर भरावे लागतात म्हणे. चौघांचे चार हजार होतात हो. म्हणून मी एकटीच जाऊन येते, मुलांना आजी नंतर कधीतरी भेटेल." एका सल्लागाराने त्यांना असं सांगितलं होतं.

त्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज, म्हणजे आय-४८५, २०२० च्या ऑक्टोबरपासून पडून आहे. चौघांकडेही अ‍ॅडव्हान्स पॅरोलची, म्हणजे अर्ज पडून असताना बाहेर जाऊन परत आत येण्याची आगाऊ मंजुरी होती. अशा कुटुंबाला येताना भरायची रक्कम आहे शून्य डॉलर. कायद्यातच तशी सूट लिहिलेली आहे. मी फोनवर तो भाग वाचून दाखवला तेव्हा पलीकडून दोन मिनिटं काहीच आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "मुलांनाही नेते."

त्यानंतर हाच प्रश्न मला निदान पाच-सहा जणांनी विचारला. त्यातल्या दोघांना फी खरोखरच लागणार होती आणि त्यांना ते माहीत नव्हतं. म्हणून हे सगळं एकदा नीट, क्रमाने लिहून ठेवतो आहे.

आधी ‘पॅरोल’ म्हणजे काय ते समजून घ्या

पॅरोल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तुरुंगातून काही दिवसांच्या रजेवर आलेला कैदी येतो. इमिग्रेशनमधला पॅरोल वेगळा. व्हिसा नसलेल्या किंवा नियमाने प्रवेश देता येत नसलेल्या माणसाला सरकार ‘तात्पुरतं आत येऊ दे’ म्हणून जी परवानगी देतं, तिला पॅरोल म्हणतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टच्या कलम २१२(डी)(५) मध्ये ही तरतूद आहे. तातडीचं मानवतावादी कारण किंवा मोठं सार्वजनिक हित, यांपैकी एक असेल तर प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे बघून पॅरोल देता येतो.

यात एक बारकावा आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. पॅरोलवर आत आलेल्या माणसाला कायद्याच्या भाषेत ‘प्रवेश’ मिळालेला नसतो. तो विमानतळाच्या दारातून बाहेर पडून घरी जाऊन झोपला तरी कागदावर अजून दारातच उभा असतो. नवीन फी लागते ती अशा पॅरोलवर. तुम्ही एच-१बी, एल-१, बी-२ किंवा एफ-१ व्हिसावर रीतसर आत आलात तर तुम्हाला पॅरोल दिलेलाच नसतो, त्यामुळे या फीचा प्रश्नच येत नाही.

फी आली कुठून

४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत एक मोठा अर्थविषयक कायदा झाला. क्रमांक पब्लिक लॉ ११९-२१, बोलीभाषेत एचआर-१. त्यात इमिग्रेशनच्या बऱ्याच नव्या फी घातल्या गेल्या. त्यातली एक पॅरोलची, मूळ रक्कम १,००० डॉलर. प्रत्यक्ष वसुली १६ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली.

या फीबद्दल चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ती माणशी आहे, कुटुंबाला मिळून एक नाही, आणि तान्ह्या बाळालाही लागते. ती अर्जासोबत भरायची नसते, पॅरोल मंजूर होण्याच्या वेळी भरायची असते. ती माफ किंवा कमी होत नाही. इतर काही अर्जांची फी माफ करून घ्यायला आय-९१२ हा फॉर्म असतो, तो इथे चालत नाही. आणि दरवर्षी महागाईप्रमाणे ती वाढते, त्यामुळे १,००० हा आकडा पाया समजा, खिशात थोडं जास्त ठेवा आणि भरायच्या दिवशी लागू असलेला आकडा सरकारी संकेतस्थळावर बघा.

तुम्ही अर्ज कधी केला होता याला इथे महत्त्व नाही. अर्ज २०२४ मधला असला आणि पॅरोल १६ ऑक्टोबर २०२५ नंतर मिळाला, तर फी लागू होते.

पहिली पायरी: तुम्ही कोणत्या दाराने आत येणार ते ठरवा

पैशाचा हिशेब नंतर. आधी कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे लिहा: परत येताना अधिकाऱ्यासमोर मी काय ठेवणार? चालू व्हिसा, ग्रीन कार्ड, अ‍ॅडव्हान्स पॅरोल, की यातलं काहीच नाही?

एकाच घरात उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. नवऱ्याच्या पासपोर्टवर एच-१बीचा शिक्का चालू आहे, बायको एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) सोडून ईएडीवर, म्हणजे वर्क परमिटवर नोकरी करते आणि तिचा व्हिसा संपलाय, हे दृश्य आपल्याकडे घरोघरी दिसतं. नवरा व्हिसावर आत येईल, बायको अ‍ॅडव्हान्स पॅरोलवर. दोघं एकाच रांगेत उभे असले तरी त्यांचे नियम वेगळे. ज्याच्याकडे चालू एच किंवा एल व्हिसा आणि अ‍ॅडव्हान्स पॅरोल दोन्ही आहे, आणि ज्याची ती नोकरीही चालू आहे, त्याने काउंटरवर व्हिसा पुढे करावा आणि ‘मी एच-१बीवर येतोय’ असं स्पष्ट सांगावं. पॅरोलचा कागद तेव्हा बॅगेत राहू द्या.

ज्यांच्याकडे व्हिसाही नाही आणि आय-४८५ ही नाही, त्यांनी आधी व्हिसाचाच मार्ग धरावा. आजारी नातेवाइकाला भेटायला भारतातून अमेरिकेत यायचं असेल तर वाणिज्य दूतावासाकडे तातडीच्या मुलाखतीची विनंती करता येते. व्हिसाची रांग चुकवण्यासाठी पॅरोल नसतो, आणि ‘व्हिसा का नाही मागितला?’ हा प्रश्न अर्ज तपासणारा हमखास विचारतो. व्हिसा अर्जाची फी पर्यटक-व्यवसाय गटासाठी १८५ डॉलर आहे. पॅरोलच्या खर्चापुढे ती बरीच कमी आहे.

दुसरी पायरी: आय-४८५ पडून आहे आणि अ‍ॅडव्हान्स पॅरोलवर ये-जा करायची आहे

मराठी कुटुंबांपैकी बहुतेक याच गटात असतात, म्हणून इथे जरा थांबू.

कायद्यात फीला दहा अपवाद आहेत. त्यातला एक असा: ज्याने कलम २४५ खाली स्टेटस बदलण्याचा रीतसर अर्ज केलेला आहे आणि जो तात्पुरत्या परदेश प्रवासाहून परत येत आहे, त्याला फी नाही. साध्या भाषेत, आय-४८५ चालू असताना गावी जाऊन अ‍ॅडव्हान्स पॅरोलवर परत येणाऱ्याला १,००० डॉलर लागत नाहीत. दर फेरीला ही सूट आहे.

पण अ‍ॅडव्हान्स पॅरोलचा कागद मिळवायला जो आय-१३१ फॉर्म भरतो, त्याची फी वेगळी. ती कुणाला किती, ते तुमचा आय-४८५ कधीचा आहे त्यावर ठरतं.

आय-४८५ जर ३० जुलै २००७ ते ३१ मार्च २०२४ या काळात फी भरून दाखल केला असेल आणि अजून पडून असेल, तर आय-१३१ ला काही पैसे नाहीत. नूतनीकरणालाही नाहीत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये व्हिसा बुलेटिनने (ग्रीन कार्डची रांग कुठवर आली ते सांगणारं दरमहाचं सरकारी पत्रक) ईबी-३ या नोकरीवर आधारित वर्गात भारताची अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे नेली होती, तेव्हा रात्री जागून कागद गोळा करून ज्यांनी अर्ज टाकले, ते सगळे यात येतात. वर्क परमिटचा आय-७६५ सुद्धा त्यांना मोफत.

आय-४८५ जर १ एप्रिल २०२४ किंवा त्यानंतरचा असेल तर आय-१३१ चे ६३० डॉलर माणशी वेगळे भरावे लागतात. त्या दिवसापासून आय-४८५ ची फी मोठ्यांसाठी १,४४० डॉलर झाली आणि तिच्यात प्रवासाचा कागद किंवा वर्क परमिट येत नाही. वर्क परमिटला अशांना २६० डॉलर लागतात.

म्हणजे २०२५ मध्ये अर्ज केलेल्या जोडप्याला दोघांच्या अ‍ॅडव्हान्स पॅरोलचे १,२६० डॉलर लागतील, विमानतळावर मात्र काही नाही. लोक या दोन रकमांची सरमिसळ करतात आणि तिथूनच अफवा सुरू होते.

अर्ज करताना:

१. आय-१३१ ची चालू आवृत्ती उतरवून घ्या. फॉर्मच्या तळाशी तारीख असते, ती संकेतस्थळावरच्या तारखेशी ताडून बघा. जुनी आवृत्ती पाठवली तर अर्ज परत येतो आणि महिना हातचा जातो.

२. प्रत्येक माणसाचा स्वतंत्र फॉर्म, प्रत्येक फॉर्मचं स्वतंत्र पेमेंट. आय-१३१ आणि आय-७६५ चे पैसे एकत्र करून पाठवू नका.

३. आय-४८५ च्या रिसीट नोटिशीची (आय-७९७सी) प्रत जोडा. फी माफ असण्याचा तुमचा आधारच ती आहे. तारीख आणि ‘रक्कम मिळाली’ ही ओळ दिसली पाहिजे.

४. मंजुरी हातात येईपर्यंत देश सोडू नका. अर्ज विचाराधीन असताना गेलात तर आय-१३१ नाकारला जातो, आणि ज्याच्याकडे एच किंवा एल स्टेटस नाही त्याचा आय-४८५ च सोडून दिला असं धरतात. वर्षानुवर्षांची रांग एका विमानप्रवासात गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. हे वाक्य हवं तर भिंतीवर लावा.

घरी कुणी अत्यवस्थ असेल आणि कागद अजून आला नसेल, तर तातडीचा अ‍ॅडव्हान्स पॅरोल मागता येतो. यूएससीआयएसच्या (इमिग्रेशनचे अर्ज तपासणारं सरकारी खातं) संपर्क केंद्राला फोन करून जवळच्या फील्ड ऑफिसची वेळ मागायची. जाताना भरलेला आय-१३१, लागू असल्यास फी, पासपोर्टच्या मापाचे फोटो, आय-४८५ ची रिसीट आणि दवाखान्याचं पत्र सोबत ठेवा. दवाखान्याच्या पत्रात रुग्णाचं नाव, निदान, दाखल केल्याची तारीख आणि ‘प्रकृती गंभीर’ हे शब्द डॉक्टरच्या सही-शिक्क्यासह असावेत. पत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडा. मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला सलाइन लावलेला फोटो पुरावा म्हणून पुरत नाही.

ज्यांचं मधल्या काळात स्टेटस तुटलं होतं किंवा ज्यांच्यावर हकालपट्टीचा हुकूम आहे, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. २०१२ मध्ये बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने अराबली आणि येराबेली या प्रकरणात निर्णय दिला, की अ‍ॅडव्हान्स पॅरोलवर जाऊन येणं म्हणजे बेकायदा वास्तव्याच्या दहा वर्षांच्या बंदीसाठी धरलं जाणारं ‘प्रस्थान’ नव्हे. त्याने अनेकांना दिलासा मिळाला. पण हकालपट्टीच्या हुकमावर तो उतारा नाही.

तिसरी पायरी: विमानतळावर काय होतं

इथे मी स्वतःचा अनुभव सांगतो, कारण माझाही अर्ज पडून आहे आणि फी लागू झाल्यानंतर मी एकदा जाऊन आलो.

काउंटरवरच्या अधिकाऱ्याने माझा पॅरोलचा कागद बघितला, पासपोर्टसकट एका पिवळ्या फोल्डरमध्ये टाकला आणि बाजूच्या खोलीकडे बोट दाखवलं. या खोलीला सेकंडरी म्हणतात. तिथे पाठवलं म्हणजे काही चुकलं असं नाही. पॅरोलवाल्यांना बहुधा तिथेच नेतात. फोन वापरायचा नाही, बसून राहायचं. माझ्या शेजारी एक आजोबा हातातली फाइल उलटीसुलटी करत होते. पन्नास मिनिटांनी नाव पुकारलं. अधिकाऱ्याने विचारलं, आय-४८५ अजून चालू आहे का? मी रिसीट नोटीस आणि दोन दिवसांपूर्वी काढलेली केस स्टेटसची छापील प्रत पुढे सरकवली. त्याने संगणकात क्रमांक टाकला, मान डोलावली, पासपोर्टवर शिक्का मारून वर्षभरानंतरची तारीख हाताने लिहिली. पैशाचा विषय निघाला नाही.

शेजारच्या आजोबांची रिसीट नोटीस मात्र चेक-इन केलेल्या बॅगेत होती आणि ती बॅग पलीकडे पट्ट्यावर फिरत होती. त्यांना अजून बराच वेळ बसावं लागलं.

तेव्हा हे कागद हातातल्या पिशवीत, एका पारदर्शक फोल्डरमध्ये, या क्रमाने ठेवा: पासपोर्ट, अ‍ॅडव्हान्स पॅरोलच्या मूळ प्रती, आय-४८५ ची रिसीट नोटीस, केस स्टेटसची ताजी प्रत, नोकरीचं पत्र. मुलांचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये. अपवाद लागू होतो हे दाखवायची जबाबदारी प्रवाशाची आहे आणि निर्णय समोरचा अधिकारी घेतो, त्यामुळे अपवादाच्या कलमाची एक पानी छापील प्रत सोबत असली तर चांगलंच. अधिकाऱ्याने फी मागितलीच, तर वाद न घालता रिसीट दाखवा आणि पर्यवेक्षकाशी बोलता येईल का विचारा. भरावी लागलीच तर पावती घेतल्याशिवाय हलू नका.

घरी पोचल्यावर सीबीपीच्या (विमानतळावर आणि सीमेवर तपासणी करणारं खातं) संकेतस्थळावरून आय-९४, म्हणजे तुमच्या आगमनाची नोंद, उतरवून घ्या. अ‍ॅडव्हान्स पॅरोलवर आलेल्यांच्या आय-९४ वर वर्ग बहुधा ‘डीए’ असा येतो. काही चूक दिसली तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात ती दुरुस्त करून मिळते. चुकीचा आय-९४ पुढे नोकरीच्या आय-९ तपासणीत आडवा येतो, म्हणून आळस करू नका.

एक इशारा. तुम्ही भारतात असताना आय-४८५ नाकारला गेला तर तुमचा अ‍ॅडव्हान्स पॅरोल निकामी होतो आणि सूटही जाते. परतीच्या विमानात बसण्याआधी केस स्टेटस बघणं ही सवय लावून घ्या.

चौथी पायरी: बाहेरून मानवतावादी पॅरोल मागायचा असेल

भारतात असलेल्या नातेवाइकासाठी व्हिसाचा मार्ग बंद झाला आणि कारण खरोखर तातडीचं असेल, तर आय-१३१ वरच मानवतावादी पॅरोल मागतात. अर्ज अमेरिकेतला नातेवाईक करू शकतो. अर्जाची फी ६३० डॉलर माणशी. सोबत आर्थिक जबाबदारी घेणाऱ्याचा आय-१३४ जोडायचा, त्याला फी नाही. हे पैसे आधी जातात आणि अर्ज नाकारला तरी परत येत नाहीत. मंजुरीनंतर माणूस अमेरिकेच्या विमानतळावर पोचला आणि सीबीपीने पॅरोल द्यायचं ठरवलं, की १,००० डॉलरची वेळ येते, कोणताही अपवाद बसत नसेल तर.

कोणते अपवाद बसू शकतात ते एकेक करून बघा.

रुग्ण स्वतः येत असेल: वैद्यकीय आणीबाणी असली पाहिजे, आणि त्याच्या जोडीला दोनपैकी एक गोष्ट. तो राहतो त्या देशात आवश्यक उपचार मिळत नाहीत, किंवा जिवाला धोका आहे आणि व्हिसाच्या नेहमीच्या मार्गाने यायला वेळ नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत जो उपचार मिळतो त्यासाठी पहिली अट सिद्ध करणं अवघड जाईल, हे मनाची तयारी म्हणून सांगतो. तिथल्या तज्ज्ञाचं ‘हा उपचार इथे उपलब्ध नाही’ असं कारणांसह पत्र, आणि अमेरिकेतल्या डॉक्टरचं निदान, उपचाराचा कालावधी व खर्च सांगणारं पत्र, ही दोन पत्रं या अर्जाचा कणा आहेत. खर्च कोण करणार याचा पुरावाही लागतो.

रुग्ण अल्पवयीन मूल असेल तर त्याच्यासोबत येणाऱ्या आई-वडिलांना किंवा कायदेशीर पालकालाही सूट आहे. आजी-आजोबा, मावशी यांना ती नाही, जोवर ते कायदेशीर पालक नाहीत. दोघं पालक आणि आजी असं निघालात तर आजीचे पैसे धरून चला.

अवयव किंवा ऊती दान करायला कुणी येत असेल आणि व्हिसासाठी वेळ नसेल, तर सूट. बहिणीला मूत्रपिंड द्यायला भाऊ येतोय, अशा प्रकरणात प्रत्यारोपण केंद्राचं जुळणीसंबंधीचं आणि शस्त्रक्रियेच्या तारखेचं पत्र जोडा.

अमेरिकेतलं जवळचं माणूस अखेरच्या घटका मोजत असेल आणि व्हिसाच्या मार्गाने आलं तर भेट होणार नाही, तर सूट. उपचार करणाऱ्या डॉक्टरने ‘किती काळ’ याचा अंदाज लिहिणं इथे कळीचं. अंत्यसंस्काराला यायचं असेल तरी तीच सूट, त्यासाठी मृत्यूचा दाखला किंवा फ्यूनरल होमचं तारखेसह पत्र. नातं दाखवायला जन्मदाखला, विवाहनोंदणी हे कागद आत्ताच, कुणी आजारी नसताना, स्कॅन करून ठेवा. दुःखाच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर आईचं नाव एक आणि पासपोर्टवर दुसरं, हे निस्तरत बसणं फार वाईट असतं.

दत्तक घेतलेल्या मुलाला अंतिम व्हिसा मिळण्याआधी तातडीच्या उपचारांची गरज असेल, तर त्यालाही सूट आहे.

उरलेले तीन अपवाद आपल्या वाचकांना क्वचित लागतील: सुनावणीपर्यंत शेजारच्या देशात परत पाठवलेले आणि सुनावणीसाठी आत आणले जाणारे लोक, क्युबा-हैतीच्या विशेष वर्गातले लोक, आणि गुन्हे तपासात सरकारला मदत करणारे.

या यादीत नसलेल्यांनी पैसे तयार ठेवावेत

अमेरिकेतच असताना पॅरोलची मुदत वाढवून घेणं, सैन्यातल्या व्यक्तीच्या कुटुंबीयांना अमेरिकेत असतानाच मिळणारा ‘पॅरोल इन प्लेस’, कोठडीतून पॅरोलवर सुटका, या सगळ्यांना फी लागते. आधी एकदा भरली म्हणून पुढच्या वेळी सुटका नाही, नव्या पॅरोलला नवी फी. डाका (लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्यांना हकालपट्टीपासून मिळणारं तात्पुरतं संरक्षण) असलेल्या तरुणांकडे सहसा आय-४८५ नसतो, त्यामुळे शिक्षण किंवा नोकरीच्या कारणाने अ‍ॅडव्हान्स पॅरोल घेऊन गेले तर अपवादाचा आधार त्यांना मिळत नाही. माझ्याकडे आलेल्या त्या दोघांपैकी एक मुलगी याच गटातली होती. विद्यापीठाचा खर्चाचा तक्ता बनवताना तिने फक्त आय-१३१ चे पैसे धरले होते.

पाचवी पायरी: पैसे कधी, कुणाला, कसे

तुम्ही अमेरिकेत असाल आणि अर्ज यूएससीआयएसकडे असेल, तर ते आधी कळवतात की पॅरोल द्यायला आम्ही तयार आहोत, अमुक तारखेपर्यंत फी भरा. त्या पत्रात दिलेल्याच मार्गाने आणि मुदतीत भरा. फी आल्याशिवाय पॅरोल मिळत नाही. त्यामुळे पत्ता बदलला असेल तर एआर-११ ने लगेच कळवा. पत्र जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहिलं तर मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

तुम्ही बाहेरून येत असाल तर फी प्रवेशद्वारावर सीबीपीला द्यायची. वयस्कर आई-वडील येत असतील तर त्यांच्याकडे परदेशात चालणारं, पुरेशी मर्यादा असलेलं कार्ड द्या आणि बँकेला आधी कळवून ठेवा. रात्री दोन वाजता बँकेने व्यवहार संशयास्पद म्हणून अडवला तर त्या माणसाने करायचं काय?

यूएससीआयएसला पाठवायच्या कागदी अर्जांसोबत आता चेक किंवा मनी ऑर्डर चालत नाही. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कार्डासाठी जी-१४५०, नाहीतर अमेरिकन बँक खात्यातून थेट कापून घेण्यासाठी जी-१६५०. कार्ड अमेरिकेतल्या बँकेचं लागतं. खात्यात पैसे नसले किंवा कार्ड नाकारलं गेलं तर अर्जच परत येऊ शकतो, म्हणून चौघांचे अर्ज एकाच दिवशी एकाच कार्डावर टाकण्याआधी मर्यादा तपासा.

वर्क परमिटचा घोळ

पॅरोलवर आलेल्या माणसाने पॅरोलच्या आधारावर (वर्ग सी-११) वर्क परमिट मागितलं, तर त्याच नव्या कायद्याने आय-७६५ च्या नेहमीच्या फीवर ५५० डॉलर वेगळे बसवले आहेत, नूतनीकरणाला २७५. हेही महागाईने वाढणारे आकडे. आणि असं परमिट एका वर्षाहून जास्त मुदतीचं मिळत नाही.

आय-४८५ वाले अ‍ॅडव्हान्स पॅरोलवर परत आले तरी त्यांचं वर्क परमिट आय-४८५ च्या आधारावरच राहतं, वर्ग सी-९. त्यांना हे ५५० लागत नाहीत. फॉर्मवर घाईत सी-११ लिहिलं तर फी चुकते आणि अर्जही अडकतो. आय-९४ वर ‘पॅरोल’ शब्द दिसला म्हणून हा गोंधळ होतो, एका अनुभवी माणसाचाही झालेला मी पाहिला आहे.

सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या फी

त्याच कायद्यात व्हिसा मिळणाऱ्यांसाठी २५० डॉलरची ‘व्हिसा इंटिग्रिटी’ फी लिहिली आहे. तिचा पॅरोलशी संबंध नाही. ईएसटीए, म्हणजे व्हिसाशिवाय येणाऱ्यांची ऑनलाइन पूर्वपरवानगी, ३० सप्टेंबर २०२५ पासून ४० डॉलर झालं, पण ते व्हिसामाफीच्या देशांसाठी, भारतीय पासपोर्टला ते लागू नाही. जमिनीवरच्या सीमेवर आय-९४ साठी ३० डॉलर लागतात. आणि सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतले एच-१बीचे एक लाख डॉलर हा पूर्णपणे निराळा विषय आहे.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

वहिनींना चुकीचं सांगणाऱ्या त्या सल्लागाराने पुढे एक प्रस्तावही ठेवला होता: ‘माणशी हजार आत्ताच आमच्याकडे भरा, आम्ही सरकारकडे जमा करून पावती देऊ, म्हणजे विमानतळावर त्रास नाही.’ पॅरोलची फी अशी आगाऊ जमा करायची सोय सरकारने ठेवलेली नाही. यूएससीआयएस फोनवर पैसे मागत नाही, गिफ्ट कार्ड किंवा वेस्टर्न युनियनने घेत नाही, कुणा व्यक्तीच्या खात्यावर पाठवायला सांगत नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही’ने संपतो. कायदेशीर सल्ला फक्त वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी देऊ शकतो. ‘कन्सल्टंट’ अशी पाटी लावलेल्याला तो अधिकार नाही.

वहिनींनी तो प्रस्ताव मला वाचून दाखवला तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं, की हे पैसे भरू नका आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा. तीन आठवड्यांनी ते चौघं परत आले. सेकंडरीत दीड तास बसावं लागलं, फी शून्य. आजी मुलांना भेटली होती आणि आयसीयूतून साध्या खोलीत आली होती.